माळ्यावरच्या तीन वह्या

पत्र:

ताई, मी ३९ वर्षांचा आहे, पुण्यात नोकरी करतो. आई-बाबा डोंबिवलीला असतात. तिसरीपासून बारावीपर्यंत मी काडेपेट्यांचे छाप, म्हणजे पेटीवरची चित्रं, जमवले. बाबा तेव्हा अंबरनाथला एका कारखान्यात होते. ते स्वतः कधी विडी-सिगारेट ओढत नसत, पण कंपनीतल्या लोकांकडून रिकाम्या पेट्या मागून घ्यायचे आणि जेवणाच्या रिकाम्या डब्यात घालून आणायचे. हजाराच्या वर छाप होते. तीन जाड हिशेबाच्या वह्यांत कणकेच्या खळीने चिकटवलेले. २००६ साली मी पुण्याला आलो, वह्या माळ्यावर राहिल्या. गेल्या दिवाळीत मुलीला दाखवायला खाली काढल्या, तर वही उघडताच डांबराच्या गोळ्यांचा वास आला आणि मी थेट चौथीच्या वर्गात जाऊन बसलो.

आमची इमारत पुनर्विकासाला गेली. मे महिन्यात घर रिकामं करायचं होतं. आई फोनवर दोन-तीनदा म्हणाली होती, “तुझं सामान एकदा बघून जा.” मला जमलं नाही. जूनमध्ये भाड्याच्या घरी गेलो आणि वह्या कुठे आहेत म्हणून विचारलं, तर आई म्हणाली, “त्या रद्दीत गेल्या.” मी चिडलो तेव्हा म्हणाली, “काडेपेटीचे कागद ते, त्याचं काय एवढं?” माझी पहिलीपासूनची प्रगतिपुस्तकं मात्र तिने पिशवीत घालून जपून ठेवली आहेत, जी मला अजिबात नको आहेत. मी नेटवर जुन्या छापांच्या किमती पाहिल्या होत्या. रागाच्या भरात म्हणालो, “तू पन्नास हजारांचं नुकसान केलंस.” ती काहीच बोलली नाही. बाबाही गप्प. त्याला दोन महिने झाले. बाबांशी जुजबी बोलतो, आईशी नाही. बायको म्हणते, कागदांवरून आईशी अबोला धरतोस, शोभतं का? मी खरंच एवढ्यातेवढ्यावरून रागावलो आहे का? आणि वह्या परत मिळण्याची काही आशा आहे का?

– एक वाचक, पुणे

उत्तर:

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण आशेवर माणूस उगाच झुरत राहतो. वह्या परत मिळणं कठीण आहे. रद्दीचं दुकान तुम्ही पाहिलं असेल. आलेला माल तिथे लगेच वेगळा होतो: वर्तमानपत्रं एकीकडे, कारण ती बांधणीला परत विकली जातात, पुठ्ठा दुसरीकडे, गुळगुळीत मासिकं तिसरीकडे. गोष्टीचं पुस्तक किंवा जुनं कॉमिक दिसलं तर ते बाजूला पडतं, कारण पदपथावरचा पुस्तकवाला त्याचे वजनापेक्षा जास्त पैसे देतो. पण हिशेबाच्या वहीचं नशीब तसं नसतं. तिचा पुठ्ठा फाडतात आणि आतला कागद वह्यांच्या ढिगात जातो. गाडी भरली की माल गोदामात आणि तिथून वापी वगैरे भागातल्या कागद गिरण्यांत. आठ-दहा दिवसांत पत्र आलं असतं तर मी तुम्हाला त्याच संध्याकाळी दुकानात पळायला सांगितलं असतं. आता दोन महिने उलटलेत. तरी कुठल्या दुकानात दिल्या ते विचारून एकदा जाऊन या, म्हणजे मनाला चुटपुट राहणार नाही. रिकाम्या हाताने परत यायची तयारी ठेवून जा.

एक गोष्ट मात्र आजच करा. दिवाळीत मुलीला वह्या दाखवताना कुणीतरी फोनवर फोटो काढले असतील. तुमच्या फोनमध्ये नसले तर बायकोच्या फोनमध्ये बघा, घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बघा. मुलीचा फोटो काढताना मागे उघडी वही आली असेल, तर तेवढाही कोपरा जपून ठेवा.

आता पहिला प्रश्न. तुम्ही एवढ्यातेवढ्यावरून रागावलेला नाहीत. तुमची बायको आणि आई दोघीही ‘कागद’ म्हणतात, पण त्या वह्यांत काय होतं ते मला थोडं माहीत आहे, म्हणून सांगते. तमिळनाडूतल्या शिवकाशी, सात्तूर, कोविलपट्टी या भागात काडेपेट्यांचे लहान लहान कारखाने शेकड्यांनी होते. शिवकाशीच्या अय्या नाडर आणि षण्मुग नाडर या दोघांनी १९२०च्या दशकात कलकत्त्याला जाऊन हे काम शिकून घेतलं आणि गावी येऊन सुरू केलं. त्याआधी आपल्याकडे स्वीडन-जपानच्या पेट्या यायच्या. पुढे त्या भागातल्या प्रत्येक लहान कारखान्याने आपापला छाप काढला: मोर, किल्ली, घोडा, कमळ, विमान, देवदेवता. कारखाना बंद पडला की छापही संपला. त्यांची नोंद ठेवायला कुणी बसलेलं नव्हतं. तुमचे बाबा जिथे रोज गाडीने जायचे त्या अंबरनाथलाच काडेपेट्या बनवणाऱ्या विमकोचा कारखाना होता, कंपनी १९२३ची. म्हणजे ज्या गावातून तुमच्यासाठी पेट्या यायच्या तेच गाव काडेपेट्यांचं होतं. आठ आण्याची पेटी २००७ मध्ये रुपयाची झाली, डिसेंबर २०२१ मध्ये दोन रुपयांची. तुमच्या वहीत सगळा आठ आण्यांचा काळ होता. तो एका शाळकरी मुलाने स्वतःच्या हातांनी, नऊ वर्षं, एकेक करून लावला होता.

आणि लावणं म्हणजे काय, हेही ज्याने केलंय त्यालाच कळतं. पातळ लाकडाच्या जुन्या पेटीवर छाप चिकटवलेला असायचा. ती परातभर पाण्यात घालायची आणि थांबायचं. घाई केली की कोपरा फाटणार. कागद आपोआप सुटून वर आला की तळव्यावर झेलायचा, जुन्या टॉवेलवर उपडा घालायचा, सुकत आला की जाड पुस्तकाखाली दाबायचा. पुठ्ठ्याच्या पेटीवर थेट छपाई असायची, ती कात्रीने कापावी लागे, आणि त्यामुळे मुलं ‘पाण्याचे’ आणि ‘कात्रीचे’ असा भेद करायची. पाण्याच्या एका छापाला कात्रीचे दोन द्यावे लागत, असा आमच्या गल्लीतला भाव होता. हे गेलं म्हणून वाईट वाटणं अगदी रास्त आहे. तुमच्या बायकोला हा परिच्छेद वाचून दाखवा.

पण पन्नास हजारांचं तुम्ही जे बोललात ते चुकलं, आणि दोन्ही बाजूंनी चुकलं. नेटवर दिसतो तो विकणाऱ्याने मागितलेला आकडा असतो, कुणी दिलेला नसतो. खरी किंमत येते ती स्वातंत्र्यापूर्वीच्या, स्वीडनमध्ये किंवा जपानमध्ये खास आपल्या बाजारासाठी छापलेल्या देवदेवतांच्या छापांना. नव्वदच्या दशकातले शिवकाशीचे छाप गठ्ठ्याने विकले जातात. हे तुम्हालाही ठाऊक असणार, कारण तुम्ही नऊ वर्षं जमवलेत आणि एकही विकायला काढला नाहीत. मग पैशांचा आकडा तोंडात का आला? मला वाटतं, ‘माझ्या लहानपणाची वस्तू होती’ एवढं म्हणणं तुम्हाला अपुरं वाटलं. आईला पटेल असं वजन पाहिजे म्हणून तुम्ही पैसे काढलेत. आणि आई गप्प झाली. पेन्शनमध्ये घर चालवणाऱ्या बाईला मुलाने ‘तू माझे पन्नास हजार घालवलेस’ म्हटल्यावर ती काय बोलणार? दोन महिने ती हा आकडा घेऊन बसली आहे.

तुमच्या पत्रातल्या एका वाक्यापाशी मी अडखळले. वही उघडताच डांबराच्या गोळ्यांचा वास आला, असं तुम्ही लिहिलंय. ती गोळी कुणी ठेवली होती?

तुम्ही २००६ मध्ये घर सोडलंत. डांबराची गोळी वर्षभरसुद्धा टिकत नाही, हवेत उडून जाते. कणकेची खळ म्हणजे तर कसरीला आमंत्रणच. खळीने चिकटवलेली वही डोंबिवलीच्या चार पावसाळ्यांत तशीच माळ्यावर पडली असती, तर दिवाळीत मुलीला दाखवायला तुमच्या हाती चाळणी आली असती. दमट हवेत पानं एकमेकांना चिकटली असती. तुमच्या हातात मात्र साबूत वह्या आल्या. याचा अर्थ कुणीतरी दर उन्हाळ्यात स्टुलावर चढून त्या खाली काढत होतं, गॅलरीत ऊन दाखवत होतं, नवी गोळी घालून परत वर ठेवत होतं. हे १८-१९ वर्षं चाललं. बाबांनी केलं असेल तर बाबांनी, पण आपल्या घरांतून मे महिन्यात हे काम कोण करतं ते तुम्हीही जाणता, मीही जाणते. तुम्ही तिला कधी ‘सांभाळ’ म्हणाला होतात का? तिने तरीही सांभाळल्या.

मग तिनेच त्या रद्दीत कशा दिल्या? हे मला माहीत नाही, आणि तुम्हालाही माहीत नाही, कारण तुम्ही विचारलेलंच नाही. तुम्ही कुठे आहेत विचारलंत, का दिल्यास असं ओरडलात, पण त्या दिवशी काय झालं हे विचारलं नाहीत. पुनर्विकासाला गेलेलं घर रिकामं करणं मी माझ्या बहिणीच्या घरी जवळून पाहिलंय. बिल्डर तारीख देतो, भाडं आणि सामान हलवायचे पैसे देतो, पण माळा देत नाही. भाड्याच्या घरात वरती ठेवायला जागाच नसते. आयुष्यभराचं सामान काही दिवसांत आवरायचं असतं आणि टेम्पोवाला खाली हॉर्न वाजवत असतो. माझ्या बहिणीने शेवटच्या दिवशी सासूबाईंचा पाटा-वरवंटा जिन्यात ठेवला आणि मागे न बघता उतरली. आजही तिला विचारलं तर ती विषय बदलते. तुमच्या आईचं ‘त्याचं काय एवढं’ मला तशाच जातीचं वाटतं. टाकलेल्या वस्तूला क्षुल्लक म्हटल्याशिवाय ती टाकल्याचं ओझं उतरत नाही.

म्हणून ती बरोबर होती असं मात्र मी म्हणणार नाही. ‘तुझं सामान बघून जा’ आणि ‘तुझ्या छापांच्या वह्या उद्या रद्दीत देते आहे’ ही दोन वाक्यं एक नव्हेत. दुसरं वाक्य ऐकलं असतं तर तुम्ही त्याच रात्री गाडी पकडली असती. तिने ते म्हणायला हवं होतं. तुमच्या मालकीची, तुमच्या हाताची वस्तू, आणि त्याच्या सहा महिन्यांपूर्वीच तुम्ही ती तिच्या नातीला कौतुकाने दाखवलेली. चूक झाली आहे. तुमचीही झाली आहे, कारण पुण्यात स्वतःचं घर असताना वह्या १९ वर्षं आईच्या माळ्यावर राहिल्या आणि दोन-तीनदा निरोप येऊनही तुम्हाला डोंबिवली गाठता आली नाही. या दोन चुका तराजूत घालून बघू नका, त्यातून काही हाती लागत नाही.

मी हे एवढ्या खात्रीने का सांगते, तर मी स्वतः हे केलेलं आहे. माझा मुलगा शिकायला बाहेरगावी गेल्यावर मी त्याचे ‘किशोर’चे सात-आठ वर्षांचे अंक रद्दीत दिले. पलंगाखाली दोरीने बांधलेले होते, दर पावसाळ्यात खालचा अंक ओला व्हायचा. मी त्याला विचारलं नाही. मोठा झाला, इंजिनीअर होणार, त्याला काय करायचेत, असं वाटलं. तो दिवाळीला आला. जेवण झाल्यावर जमिनीवर पालथा पडून पलंगाखाली हात घातला, रिकामी जागा चाचपली, हात तसाच थोडा वेळ ठेवला आणि मग उठून म्हणाला, “बरं.” एवढंच. मी तो ‘बरं’ खरा मानला. बरीच वर्षं गेली. बालभारतीने १९७१ पासूनचे ‘किशोर’चे अंक इंटरनेटवर फुकट वाचायला ठेवले आहेत असं मला समजलं, तेव्हा मी आनंदाने त्याला दुवा पाठवला. वाटलं, झाली भरपाई. त्याने दोन दिवसांनी फोन केला. म्हणाला, “आई, अंक छान आहेत. पण सगळी कोडी कोरी आहेत.”

त्याच्या अंकांतली कोडी त्याने पेन्सिलीने सोडवलेली होती. काही खोडून पुन्हा सोडवलेली, काहींत मी मदत केलेली. त्या दिवशी मी त्याची माफी मागितली. फार उशिरा मागितली, पण मागितल्यावर तो अर्धा तास त्या अंकांबद्दल बोलत होता, जे तो इतक्या वर्षांत एकदाही बोलला नव्हता. तुम्ही निदान ‘बरं’ म्हणून गप्प बसला नाहीत. चिडलात, हे मला त्यापेक्षा चांगलं वाटतं. पण आता त्याचा अबोला करू नका.

फोन करू नका, जा. एखाद्या रविवारी सकाळची गाडी पकडा, आणि एकटे जा, कारण बायको-मुलीसमोर आई तुम्हाला वाढण्यातच गुंतून राहील. पोचल्यावर आधी पन्नास हजारांचं वाक्य परत घ्या. ‘आई, पैशांचं मी खोटं बोललो, त्यांची तेवढी किंमत नव्हती. मला वाईट वाटलं होतं म्हणून तसं बोललो’ असं सरळ म्हणा. मग त्या वह्या गेल्याचं दुःख झालंय हेही सांगा. ते गिळू नका, ‘जाऊ दे गं, कागदच होते’ असं तर मुळीच म्हणू नका. ते खरं नाही आणि तिला ते खोटं कळेल. मग विचारा, की घर आवरलं ते दिवस कसे गेले. माळ्यावरून सामान कुणी उतरवलं? मदतीला कोण होतं? वह्या देण्याआधी तिने उघडून पाहिल्या होत्या का? हा शेवटचा प्रश्न विचारताना आवाज सांभाळा. उलटतपासणी होता कामा नये. ती रडली तर रडू द्या. नाही रडली, पुन्हा ‘त्याचं काय एवढं’ म्हणाली, तरी तुमचं म्हणून झालेलं असेल.

ती प्रगतिपुस्तकं घरी घेऊन या. तुम्हाला नको असली तरी. घर आवरताना काय ठेवायचं आणि काय टाकायचं हे ती एकटी ठरवत होती, आणि मुलाची दौलत म्हणून तिला जे दिसलं ते तिने पिशवीत घातलं. तिला कुणी सांगितलं नव्हतं की तुमची दौलत दुसरी होती. आणि एखादं उघडून बघा. पालकांच्या सहीच्या रकान्यात प्रत्येक वेळी तिची किंवा बाबांची सही असेल, त्या त्या वर्षीच्या हातवळणाची.

छापांचा नवा गठ्ठा विकत घेण्याची घाई करू नका. मुंबई-पुण्यात नाणी आणि तिकिटांची प्रदर्शनं भरतात, तिथे छापही मिळतात. वर्षभराने मुलीला घेऊन जा. तिला आवडलं तर ती जमवेल. तिच्यासाठी एवढंच लक्षात ठेवा, की आता खळ नको. कागदी बिजागरीने, म्हणजे तिकिटं लावायला वापरतात त्या डिंक लावलेल्या दुमडपट्टीने लावा, म्हणजे छाप हवा तेव्हा सुटा होईल. आणि ती वही तुमच्या घरी, तुमच्या कपाटात राहू द्या.

हे सदर वाचणारे आईवडीलही पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी इथेच लिहिते. घर आवरताना मुलांचं काही टाकायचं असेल तर त्याचा फोटो काढून पाठवा आणि तारीख सांगा: अमुक तारखेपर्यंत घेऊन जा, नाहीतर देऊन टाकणार. ‘सामान’ म्हणू नका, वस्तूचं नाव घ्या. तारीख उलटली आणि कुणी आलं नाही, तर मग खुशाल द्या, तुमच्याकडे दोष येत नाही.

आता राहिले तुमचे बाबा. या भांडणात तुम्ही त्यांच्याबद्दल एकच शब्द लिहिलात, गप्प. मला सारखं वाटतंय, की त्या वह्यांत त्यांचंही बरंच काही गेलंय. न ओढणाऱ्या माणसाने वर्षानुवर्षं सोबत्यांकडून रिकाम्या पेट्या मागणं, त्यावरून झालेली चेष्टा ऐकून घेणं, दुसरी पाळी संपवून रात्रीच्या गाडीत तो डबा मांडीवर धरून येणं. कुठला छाप कुणी दिला हे त्यांना आजही आठवत असेल. ते पाळीतले सोबती कोण होते, कुठल्या गावचे, कोण मुद्दाम गावाहून पेटी घेऊन यायचं, हे त्यांच्याशिवाय आता कुणालाही सांगता येणार नाही. जाताना एक कोरी वही न्या. तुम्हाला आठवतील ते छाप सांगत जा, ते माणसांची नावं सांगत जातील, आणि तुम्ही लिहून घ्या.

आणि आई तिथेच बसलेली असेल, तर तिला विचारा, की खळ कोण करून द्यायचं. तिसरीतल्या मुलाच्या हाती कुणी पेटता स्टोव्ह देत नाही.